परक्याचं ताट

दुपारचा एक वाजून गेला तरी पायऱ्यांवर चपला वाजल्या नव्हत्या. मावशींनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण तिसऱ्यांदा उचललं, आतली वाफ केव्हाच जिरली होती, आणि ते आवाज न करता परत ठेवलं. देवापुढच्या दिव्यात तेल होतं. गडव्यात पाणी होतं. टेबलावर एकच ताट पालथं घालून ठेवलं होतं. सगळं जागच्या जागी होतं, फक्त ज्याच्यासाठी मांडलं होतं त्याचा पत्ता नव्हता.

घड्याळाच्या चौकातून एक्केचाळीस पायऱ्या वर चढून आलं की शिंप्याचं दुकान लागतं आणि त्या दुकानाच्या डोक्यावर मावशींच्या दोन खोल्या. शहर पाहायला जगभरची माणसं यायची. मनोरा बघायची, बाजार बघायची, बोटीतून चक्कर मारायची आणि मग भूक लागली की प्रत्येकाला एकच प्रश्न पडायचा, इथलं खरं जेवण कुठे मिळेल? चौकात त्याची उत्तरं पाट्यांवर लिहिलेली होती. ‘अस्सल’, ‘घरगुती’, ‘आजीच्या हातचं’. एका पाटीवरची आजी चांगली तरतरीत दिसायची. ती त्या मालकाची कोण, असं शिंप्यानं एकदा विचारलं, तर म्हणे फोटोवाल्यानं आणून दिली.

मावशींच्या दाराला पाटी नव्हती. त्यांचे यजमान बोटीच्या तिकीटखिडकीत बसायचे. खिडकीशी कुणी दमलेलं, भुकेलं दिसलं की तिकीट फाडता फाडता म्हणायचे, “खरं जेवण हवंय ना? मग मनोऱ्याच्या डाव्या हाताला पायऱ्या चढा. दार उघडंच असतं.” बायकोला त्यांनी कधी विचारलं नाही, हे रोज एक माणूस कशाला? बायकोनंही कधी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि खिडकीत दुसरा माणूस आला. तो तिकीट फाडायचा आणि सुटे नाहीत म्हणायचा.

तरी माणसं येत राहिली. कुणी कुणाला सांगितलेलं असायचं, कुणी नुसता वाट चुकलेला. दिवसाला एक तर कुणी ना कुणी यायचंच.

आणि मावशींना एकच पुरे होता. मुलगा नऊ वर्षांचा असताना तापानं चाळीस दिवस दवाखान्यात पडला होता. डॉक्टर जेव्हा डोळ्याला डोळा भिडवीनासे झाले, तेव्हा त्या रात्री मावशींनी देवाला शब्द दिला. पोर उठलं तर माझ्या ताटाआधी रोज एका परक्याचं ताट. परका म्हणजे ज्याचं नाव मला ठाऊक नाही असा. बोलावलेला नाही, आपल्या पायांनी आलेला. तो पोटभर जेवून उठेल, मग मी बसेन. आणि हे मी कुणाला सांगणार नाही, कारण सांगितलं की तो माझ्यासाठी जेवेल. मग ते व्रत कसलं, ती भीक झाली.

पोर उठलं. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. ते पोर आता दोन समुद्रांपलीकडे नोकरीला होतं आणि दर रविवारी फोनवर म्हणायचं, “आई, काय हा हट्ट! त्या परक्या लोकांची खरकटी कशाला काढतेस? मी पाठवतो ते पुरत नाही का?” मावशी म्हणायच्या, “पुरतं रे. वेळ जातो माझा.” आणि विषय बदलायच्या.

एकोणीस वर्षांत कुणीच आलं नाही असे दिवस बोटांवर मोजण्याएवढे. अशा दिवशी त्या चहा घ्यायच्या, पाणी प्यायच्या आणि पडून राहायच्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी यायचंच. पण गेल्या आठवड्यात नगरपालिकेनं पाइपासाठी पायऱ्यांच्या तोंडाशीच चर खणला. खणणारे होते तोवर ठीक होतं, रोज त्यांच्यातला एखादा नवा गडी पाणी मागायला वर यायचा आणि जेवून जायचा. मग खणणारे खणून गेले आणि बुजवणारे यायचे राहिले. चरावर एक फळी टाकली होती आणि तिच्यापुढे ‘रस्ता बंद’ची पाटी. पर्यटक पाटी वाचायचे, फळीकडे बघायचे आणि चौकातल्या आजीकडे वळायचे.

काल कुणी आलं नाही. परवाही नाही.

“मावशी!” खालून शिंप्यानं हाक दिली. गिऱ्हाईक वर येताना दिसलं की वर्दी द्यायची ही त्याची जुनी सवय. “एक येतोय! खांद्याला पिशवी, हातात वही. फळीवरनं असा आला, जणू खाली मगरी आहेत!”

मावशी उठल्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून क्षणभर टेबलाची कड धरली. मग ताट उताणं केलं, पुसलं आणि दाराशी हसऱ्या तोंडानं उभ्या राहिल्या.

आलेला माणूस चाळिशीचा होता, अंगानं किरकोळ. दोन पायऱ्या उरल्या असताना थांबून तो धापा टाकत म्हणाला, “इथे जेवण मिळतं म्हणे. मी—” आणि खिशातून कार्ड काढू लागला.

“नंतर, नंतर,” मावशींनी घाईघाईनं हात वर केला. “नावगाव जेवण झाल्यावर. आधी हात धुवा.”

“पण मी कशासाठी आलोय ते—”

“भूक लागली म्हणून आलात. माणूस आणखी कशासाठी येतो?”

तो हसला. हात धुऊन टेबलाशी बसला आणि ताटाच्या डाव्या बाजूला वही उघडून ठेवली. मावशींनी वाढलं. मऊ भात, त्यावर डाळ, वांग्याची भाजी, पालेभाजी, कडेला लिंबाचं मुरलेलं लोणचं. वाढून झाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसल्या. त्यांची ही रोजची जागा. इथून पाहुण्याच्या ताटातलं काय संपलं ते दिसायचं.

त्यानं भाताचे दोन घास घेतले. डोळे मिटले. वहीत काहीतरी लिहिलं. वांग्याचे दोन घास, पुन्हा लिहिलं. पालेभाजीचे दोन. लोणच्याची फोड चाटून पाहिली, भुवया वर गेल्या, जरा जास्त लिहिलं. मग पाणी प्यायला आणि चमचा ताटात आडवा ठेवला.

मावशी बघतच राहिल्या. “आवडलं नाही का?”

“अहो, काय बोलता! आवडलं म्हणून तर दोन-दोन घेतले. नाहीतर मी एकावर थांबतो.”

“एकावर?”

“माझं कामच ते आहे,” तो वहीवर बोट ठेवून म्हणाला. “कुठल्या शहरात खरं जेवण कुठे मिळतं, याच्या याद्या करतो. लोक त्या वाचून येतात. या शहरात अकरा ठिकाणं आणि माझ्याजवळ दोन दिवस. पोट एक आणि चुली अकरा. सगळीकडे पोटभर जेवलो तर सहाव्या चुलीआधी माझीच तिरडी बांधावी लागेल.”

“आज किती झाली?”

“तुमची सातवी. सकाळी सहा वाजता एका बेकरीपासून सुरुवात केली.”

सातवी! मावशींच्या पोटात खड्डा पडला, आणि तो आधीच होता त्यात पडला. दोन दिवसांनी देवानं माणूस धाडला तोही सहा घरचं चाखून आलेला. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या पळी घेऊन पुढे झाल्या. “थोडी डाळ. गरम आहे तोवर.”

“नको हो, खरंच.”

“डाळीनं काही पोट भरत नाही. पाणीच ते.”

“पाणी? या डाळीला पाणी म्हणालात तर पाप लागेल तुम्हाला. पण नको.”

“घरी कोण वाढतं तुम्हाला?”

“घरी मी पावाचे दोन तुकडे भाजतो. नऊ शहरांतली उत्तम स्वयंपाकघरं मला पाठ आहेत, मावशी. माझ्या स्वतःच्या गल्लीत मात्र कुठे जेवायचं ते सांगता यायचं नाही.” हे त्यानं विनोदानं म्हटलं होतं, पण बोलून झाल्यावर तो वहीतच बघत बसला.

“मग इथे जेवा की. आज इथेच जेवा. बाकीच्यांकडे उद्या जा.”

“उद्याची चार आहेत.”

मावशींनी वांग्याची आणखी एक फोड त्याच्या ताटात टाकलीच. त्यानं ती खाल्ली नाही. बाहेर मनोऱ्याच्या घड्याळानं दोनाचे टोले दिले. खाली शिंप्याचं मशीन दडदडत होतं, थांबत होतं, पुन्हा दडदडत होतं.

“बरं, एक शेवटचा प्रश्न,” तो वही मिटता मिटता म्हणाला. “हा मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. हॉटेलवाला गिऱ्हाइकाला काय घालतो ते ताटात दिसतं, पण तो स्वतः कुठे जेवतो त्यावरून खरं कळतं. तुम्ही स्वतः कुठे जेवता?”

“मी? इथेच.”

“केव्हा?”

“आलेल्याचं झालं की.”

“म्हणजे आज अजून व्हायचंय?”

“व्हायचंय.”

तेवढ्यात पळी पातेल्याच्या काठाला किणकिणली. मावशींनी ती वाजवली नव्हती. त्यांचा हात थरथरत होता. यादीवाल्यानं हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. याद्या करणाऱ्याची नजर ती, बारीकसारीक टिपणारी.

“मावशी, काल जेवला होतात का?”

खोटं बोलायचं नाही हाही नेमच होता. मावशी भिंतीकडे पाहू लागल्या. तिथल्या फळीवर डबे होते. तिघांच्या संसाराचे डबे, आता एकीच्या पुरवठ्याचे, म्हणून निम्मे रिकामे आणि झाकणं उघडी टाकून वाळवायला ठेवलेले. त्याची नजर त्यांच्या नजरेमागून त्या फळीवर गेली आणि एकेका उघड्या डब्यावर थांबली. त्याच्या तोंडाचा रंग उतरला.

तो खुर्ची मागे सारून उठला. “मला माफ करा. मी आपला भरल्या पोटानं येऊन बसलो आणि तुम्ही मात्र...” त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि स्टुलापाशी आणून त्यांच्यापुढे धरलं. “हे तुम्ही घ्या. मी कडेकडेनं घेतलंय, मधलं उष्टं नाही. मी एक घाससुद्धा आणखी खाणार नाही इथे. माझ्या गळ्याखाली उतरायचा नाही.”

“अहो, तसं नाही हो! तुम्ही बसा आधी.”

“नाही, नाही. तुम्ही जेवा. मी गेलो की निवांत जेवा. लाजू नका.”

त्यानं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं बिचाऱ्याच्या. पिशवी खांद्याला अडकवून तो जवळजवळ पळतच बाहेर पडला.

माणूस चांगला होता, हेच तर नडलं. जरा खादाड असता, जरा कठोर असता, तर चार घास जास्त खाऊन गेला असता. मावशी मांडीवरच्या ताटाकडे बघत राहिल्या. भाताचा वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, त्याची त्यांना लाज वाटली. तीन-चार घास काय, कुणाला कळणार होतं? देवाला कळलं असतं. आणि देवाला कळलं तर तो त्या दोन समुद्रांपलीकडच्या पोराकडे बघणार, ही भीती एकोणीस वर्षं त्यांच्या उशाशी निजत होती.

उद्या तरी कुणी येईल का? परवा? चर बुजेपर्यंत किती दिवस? आजचा शेवटचा माणूस पायऱ्या उतरून चालला होता.

ताट टेबलावर ठेवून मावशी दाराशी आल्या आणि भिंतीला धरून उतरू लागल्या. दहा पायऱ्या, पंधरा. तो खाली चराशी पोचला होता, फळीवर एक पाय टाकून. हाक मारायची तर नाव ठाऊक नाही. स्वतःच घेऊ दिलं नव्हतं.

“अहो!” त्या ओरडल्या. “अहो यादीवाले!”

त्यानं मागे वळून पाहिलं. शिंप्यानंही मान वर काढली.

“तुम्ही जेवल्याशिवाय मला जेवता येत नाही,” मावशी म्हणाल्या. एवढं बोलून त्या पायरीवरच बसल्या. “डब्यांत सगळं आहे. तांदूळ आहे, डाळ आहे. माणूस नाही. रोज एक परका जेवला की मग मी. दोन दिवस कुणी आलं नाही.”

शिंप्याच्या हातातली कात्री उघडीच राहिली. “म्हणजे ही इतकी वर्षं... मावशी, मला वाटायचं तुम्ही खानावळ चालवता!”

“तुम्हाला वाटू दिलं मी.”

“आणि मी रोज वर्दी देतो, ती—” त्यानं कात्री खाली ठेवली. “मला का नाही सांगितलंत? मी जेवलो असतो की.”

“तुमचं नाव मला ठाऊक आहे हो,” मावशी म्हणाल्या.

फळीवरचा पाय मागे घेऊन यादीवाला वर आला, मावशींचा दंड धरला आणि दोघं एकेक पायरी करत चढली.

मग तो जेवला. ताटातलं सगळं जेवला. भात संपवला, डाळ संपवली, वांग्याच्या दोन्ही फोडी, पालेभाजी, लोणच्याच्या सालीसकट सगळं. मध्ये एकदा त्यानं पट्टा सैल केला. मध्ये दोनदा पाण्यासाठी थांबला. प्रत्येक घास तो नीट चावत होता आणि औषध घेतल्यासारखा गिळत होता. घास गिळला की स्टुलाकडे बघायचा, चालेल ना एवढं, असं. मावशी मान हलवायच्या. आपण हे का सांगायचं नव्हतं, ते त्यांना आता घासाघासाला दिसत होतं.

“झालं,” तो शेवटी म्हणाला. कपाळावर घाम होता. “पोट भरलं. देवाशपथ भरलं.”

हात धुऊन आल्यावर त्यानं कार्ड पुढे केलं. आता नाही म्हणायला कारण नव्हतं. मावशींनी चष्मा लावून नाव वाचलं. छान नाव होतं. आणि वाचल्याबरोबर हा माणूस परका राहिला नाही, म्हणजे पुन्हा आला तरी कामाचा नाही, असा विचार सवयीनं मनात येऊन गेला. मग आठवलं, व्रत तर सांगून मोडलं, आता कसलं काम?

“तुमच्याबद्दल लिहू का?” त्यानं विचारलं. “व्रताचं नाही. नुसतं जेवणाचं.”

मावशींनी जरा विचार केला. “पाटी लागलीय पण फळीवरून येता येतं, एवढं लिहा.”

तो गेल्यावर त्यांनी स्वतःचं ताट घेतलं. भात गार होता. त्या उभ्यानंच जेवल्या, ओट्याशी, भराभर, आणि काय खाल्लं ते कळलं नाही. मग हात धुऊन फोनपाशी गेल्या. रविवार नव्हता. तरी नंबर लावला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

“आई? काय झालं? मी मीटिंगमध्ये आहे.”

“काही नाही झालं.”

“मग? तू बरी आहेस ना?”

“मी बरी आहे. तू?”

“मला काय झालंय? आई, सात माणसं बसलीत इथे.”

“ताप वगैरे नाही ना?”

“ताप? नाही! कसला ताप?”

“बरं. जेवलास?”

“अगं, इथे अजून अकराही वाजले नाहीत. रविवारी बोलू, हं?”

फोन ठेवला गेला. पोर ठणठणीत होतं. वैतागण्याइतकं ठणठणीत होतं. मावशींनी देवापुढे हात जोडले, डोकं टेकलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. एकोणीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपण एक दोरी धरून आहोत आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ते पोर आहे. आज दोरी सुटली होती आणि पोर जिथल्या तिथे मीटिंगमध्ये बसलं होतं. सुटल्यासारखं वाटलं. पण हात रिकामे झाले, त्यांचं काय करायचं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मावशी जेवायला बसल्या. कुणाची वाट बघायची नव्हती. भात करताना मात्र घोटाळा झाला होता. एकीपुरत्या तांदळाचं माप त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. वाटी भरून घेतली, निम्मी परत ओतली, मग त्यातली थोडी पुन्हा घेतली.

कुठे बसायचं हाही प्रश्न होता. स्टुलावर ताट राहीना. म्हणून त्या टेबलाशी बसल्या, पाहुण्याच्या खुर्चीत. या खुर्चीत त्या कधीच बसल्या नव्हत्या. पहिला घास घेऊन मान वर केली, तर समोर भिंतीवर ओलीचा डाग होता, कसल्याशा नकाशासारखा. खुंटीवर यजमानांची टोपी होती, आणि तिच्या खाली, बरोबर नाकासमोर, स्वयंपाकघराच्या दारात ते स्टूल.

रिकामं होतं, तरी त्या स्टुलाकडे बघून मावशींनी उचललेला दुसरा घास परत ताटात ठेवला. एकोणीस वर्षं इथे बसलेल्या प्रत्येक माणसाला दर घासाला समोर हे दिसत होतं! एक बाई, हात मांडीवर, नजर ताटात. तरीच माणसं अशी खाली मान घालून भराभर जेवायची. तरीच पुन्हा वाढू का म्हटलं की दचकायची. आणि आपण समजायचो, काय भूक लागली होती लेकरांना!

त्यांना हसू आलं. एकटीलाच आलं, म्हणून ते फार वेळ टिकलं नाही.

जेवण अर्धं टाकून त्या उठल्या. स्टूल उचललं आणि आत नेऊन मोरीपाशी ठेवलं, खुर्चीतून दिसणार नाही अशा बेतानं. परत येऊन बसल्या. आता समोर नुसतं दार होतं, आणि बाजूच्या बाहेरच्या दारातून उघड्या पायऱ्यांचा वरचा तुकडा, उन्हानं पांढरा पडलेला.

खाली मशीन दडदडायचं थांबलं. मावशींचा चमचा हातातच राहिला. पण शिंप्यानं हाक दिली नाही. तोही जेवायला बसला असेल. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं, आणि पातेल्यात उरलेल्या दुसऱ्या माणसाच्या भातावर झाकण ठेवायला मावशी उठल्या.